सहा-सहा पडले हो!

रविवारी सकाळी नऊला मी तर्री-पोहे खायला नागपूरच्या कस्तुरचंद पार्ककडे निघालो. निघालो म्हणजे फाटकापर्यंत पोचलो. स्कूटरपुढे मामाजींची व्हॅन आडवी उभी.

"किल्ली देता का, मामाजी?"

"देतो ना! एक डाव होऊन जाऊ द्या."

मामाजी म्हणजे माझे सासरे. नोकरीत त्यांनी कुणाला कधी नाही म्हटलं नाही, नुसती फाइल धरून ठेवली. निवृत्तीनंतर कुणीतरी मस्कतहून बॅकगॅमनचा पट आणून दिला आणि त्यांना स्वतःची कला पुन्हा गवसली.

२४ घरं, ज्यानं त्यानं आपल्या टोकाकडून मोजायची. प्रत्येकी १५ सोंगट्या, दोन फासे. एकटी सोंगटी दिसली की मारायची, हे मला कळतं. मामाजी मारामारीत पडत नाहीत. एका घरात दोन सोंगट्या बसल्या की तिथे दुसऱ्याला पाय ठेवता येत नाही. सारीपाटातलं जुग, तेच. मामाजी असली जुगं शेजारी शेजारी बसवतात. सहावं घर मुळातच त्यांचं. तीन-एक पडले, पाचवं धरलं. चार-दोन पडले, चौथं. मग मागून कुमक आणून सातवं, आठवं. बर्डीवर ठेले लागावेत तशी सलग रांग!

माझ्या दोन सोंगट्या तिच्या मागे, त्यांच्या पहिल्या घरात.

"भिंतीला चिकटून बसा," त्यांनीच सांगितलं. "लांबून सहा टाकले तर भिंतीवरच आपटाल." सरकलो तिसऱ्या घरात. आता एक सहा पडला की नवव्यात, सुटलो! छत्तीसपैकी अकरा वेळा निदान एक सहा येतो म्हणे. उरलेल्या पंचवीस वेळा काय येतं, ते मी ओळीनं पाच खेपा पाहिलं. कूलर घरघरत होता. मामाजी सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत होते. सावकाश.

सहाव्या खेपेला त्यांनी नववं घरही भरलं. सलग सहा. फाशावर सातचा ठिपका नसतो, म्हणजे उडी संपली.

आणि पुढच्याच टाकीला मला पडले सहा-सहा! दुप्पट, चार चाली!

"वा वा, जावईबापू! चाला."

अडकलेल्या दोघी जागच्या हलेनात. पण दान पडलं की कुठेतरी चालावंच लागतं. मधल्या दोन धडधाकट सोंगट्या मी स्वतःच्या हातानं आपल्या पहिल्या घरात नेऊन गाडल्या. पुढच्या दानांत माझंच घर विटेविटेनं मोडत गेलं. त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही.

"आता तरी किल्ली?"

"घाई कायची हाये हो तुम्हाले? मलेबी भिंत मोडाच लागन कधीतरी."

मोडली. तोवर साडेअकरा झाले होते. पार्काजवळ पोहे होते थोडे. तर्रीच्या पातेल्यात भांडेवाल्यानं पाणी ओतलं होतं.