'वर्षावन'च म्हणणार: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

आंबोलीवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत की मथळ्यातलं 'वर्षावन' हे इंग्रजीचं ओढूनताणून केलेलं भाषांतर आहे, साधं 'जंगल' म्हणा. आपलं म्हणणं, तिथलं रान शास्त्रानुसार निमसदाहरित आहे, म्हणजे काही झाडं सदा हिरवी, काही पानं गाळणारी. सात-आठ महिने कोरड्या राहणाऱ्या जागेला हे नाव शोभत नाही. आणि फोटोतलं झाड जांभूळ नसून अंजनी आहे. वर 'जरा अभ्यास करून लिहीत जा' हा प्रेमळ सल्ला.

अंजनीचं कबूल. फोटोखालची ओळ बदलली, आभार.

पण 'ओढूनताणून'? अहो, हा शब्द इंग्रजांचा तरी कुठे होता? शिंपर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1898 च्या आपल्या ग्रंथात 'रेगेनवाल्ड' लिहिलं. रेगेन म्हणजे पाऊस, वाल्ड म्हणजे वन. 1903 मध्ये त्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर आलं आणि 'रेनफॉरेस्ट' रुळला. म्हणजे इंग्रजांनी उचललं ते शास्त्र, आम्ही उचललं की ओढाताण!

आणि साधं 'जंगल' म्हणायचं? आयुर्वेदात जांगल देश म्हणजे कमी पाण्याचा, रुक्ष मुलूख. पाणथळ तो आनूप. मुळावरच जायचं तर आंबोलीला जंगल म्हणणं हाच विनोद आहे. ओळखीच्या वैद्याला विचारा, माझ्यावर विश्वास नसेलच.

शिंपरला अभिप्रेत असलेलं वन सदाहरित, ओलाव्यावर पोसलेलं, जाडजूड वेलींचं, फांद्यांवर दुसऱ्या वनस्पती वागवणारं. उंची निदान 30 मीटर हवी म्हणतो. तेवढी आमच्याकडे भरत नाही, हे आपण सांगण्याआधी मीच सांगतो.

राहिला अभ्यास. माझं आजोळ आंबोलीचं. श्रावणात गोधड्या चुलीवर बांधलेल्या दोरीवर वाळायच्या, तरी अंगावर घेतल्या की धुराचा आणि बुरशीचा वास. पत्र्यावरच्या पावसात हाक ऐकू जायची नाही म्हणून मामी थाळी वाजवून जेवायला बोलवायची. हा अभ्यास मी सहाव्या वर्षापासून केलाय. आपण पाऊस कुठल्या गॅलरीतून मोजलात, कोण जाणे.

निमसदाहरित वगैरे वर्गवारी मीही वाचली आहे, भारतातल्या वनप्रकारांची, चॅम्पियन आणि सेठ यांनी केलेली, 1968. ती वनखात्याच्या कामाची. त्यावर पुन्हा कधीतरी. कोरड्या महिन्यांचं म्हणाल तर मे महिन्यात या, अंजनी हिरवीगारच दिसेल. ती आपल्याला ओळखता येतेच.

मथळा बदलणार नाही.