ध्रुव सरकला की खंड? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. खडकांतल्या चुंबकत्वावरून खंड सरकल्याचं कसं कळतं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मुद्दा असा, की चुंबकीय ध्रुव आजही वर्षाला कित्येक किलोमीटर सरकतो, अधूनमधून त्याची उत्तर-दक्षिण अदलाबदल होते. बेसॉल्ट म्हणजे लाव्हा थिजून बनलेला खडक; निवताना त्यात तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा गोठते. मग कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्टमधलं हे चुंबकत्व मोजून ‘खंड सरकले’ असं कसं म्हणायचं? ध्रुवच सरकला नसेल कशावरून? आणि तेवढ्या काळात ते चुंबकत्व शाबूत कसं राहिलं?

शंका रास्त आहे. कीथ रन्कॉर्न हे या विषयातलं मोठं नाव. सुरुवातीला त्यांचंही मत हेच होतं, की खंड जागच्या जागी आहेत आणि ध्रुव भटकला. युरोपातल्या खडकांवरून ध्रुवाचा जो मार्ग मिळत होता, त्याचा तसा अर्थ लावता येत होता. पुढे उत्तर अमेरिकेतले खडक मोजले, तर त्याच काळातला ध्रुव भलतीकडेच निघाला. दोन्ही मार्गांचं वळण बरंचसं सारखं, पण एक दुसऱ्यापासून बाजूला. पृथ्वीला एकाच वेळी दोन उत्तर ध्रुव कसे असतील? मधला अटलांटिक मिटवून दोन्ही खंड शेजारी आणले की मार्ग जवळपास एकमेकांवर बसतात. १९५६ च्या सुमारास रन्कॉर्न यांनी मत बदललं. माझ्या दृष्टीने तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

ध्रुवाच्या रोजच्या भटकण्याचं म्हणाल, तर एका थरावर कुणीच विसंबत नाही. काही हजार वर्षांची सरासरी घेतली की चुंबकीय ध्रुव भौगोलिक ध्रुवाच्या जवळ येतो. म्हणून एकावर एक साचलेले कितीतरी थर मोजावे लागतात.

आता अदलाबदल. अधांतरी टांगलेली सुई उत्तर दाखवते, तशी जमिनीकडे झुकतेही: विषुववृत्तावर आडवी, ध्रुवावर उभी. त्या झुकाव्याच्या कोनाचं टॅन हे अक्षांशाच्या टॅनच्या दुप्पट असतं. अदलाबदल झाली तर सुई उलटी होते, कोन मात्र तोच राहतो. दख्खनचा बेसॉल्ट घ्या, वय सुमारे ६.६ कोटी वर्षं. आज १८ अंश उत्तरेला झुकावा ३३ अंशांच्या आसपास यायला हवा. या थरांत तो ४८ च्या आसपास मिळतो, म्हणजे अक्षांश जवळपास २९. पण कुठल्या गोलार्धात? बऱ्याच थरांत सुई, म्हणजे खडकात गोठलेली दिशा, दक्षिणेकडे तोंड करून खाली झुकलेली आहे, काहींत उत्तरेकडे तोंड करून वर उचललेली. भारत पुरता उलटा फिरलेला नसेल, तर या दोन्ही स्थिती दक्षिण गोलार्धातच जमतात. तिथून आजच्या जागेपर्यंत पाच हजार किलोमीटरहून जास्त अंतर पडतं.

वीज पडून चुंबकत्व बिघडत असेल, हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. उघड्या कड्यावर वीज पडली की दगडाचं चुंबकत्व बिघडतं, आणि असे नमुने खरंच सापडतात. म्हणून दगड आधी ‘धुवावा’ लागतो. मी हे काम जवळून पाहिलंय. बोटाएवढ्या जाडीचा दंडगोल कापायचा, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या भट्टीत १०० अंशांपर्यंत तापवायचा, गार करून मोजायचा. मग २००, मग ३००. नंतर चिकटलेलं कमकुवत चुंबकत्व आधी सुटतं. प्रत्येक मोजमाप कागदावर मांडलं की बिंदू सुरुवातीला वाकडेतिकडे जातात आणि पुढे एका सरळ रेषेत आरंभबिंदूकडे निघतात. दगडात मॅग्नेटाइट हे लोहाचं चुंबकीय खनिज असेल तर ५८० अंशांच्या सुमाराला सगळं संपतं. ती सरळ रेषा म्हणजे लाव्हा निवताना गोठलेली दिशा. रेषा मिळालीच नाही, तर तो नमुना बाद.

एका बाबतीत मात्र चूक माझी. ‘दगडात खंडाचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो’ असं मी लेखात लिहिलं होतं. तसं नाही. अक्षांश मिळतो, खंड किती फिरला तेही कळतं. रेखांश या पद्धतीने मिळत नाही, कारण पृथ्वीभोवती पूर्व-पश्चिम कुठेही ठेवलं तरी सुई तेवढीच झुकते. त्यासाठी समुद्रतळावरचे चुंबकीय पट्टे (आलटून-पालटून सुलट-उलट चुंबकत्व असलेले खडकांचे पट्टे) लागतात, आणि आजचा महासागरी तळ जवळपास सगळा गेल्या अठरा-वीस कोटी वर्षांतलाच आहे. त्याआधीच्या नकाशांत खंडांची पूर्व-पश्चिम जागा बरीचशी तर्कावर उभी असते. लेखातलं ते वाक्य आज बदललं आहे.