लेव्हलबुक अजून कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पदविकेच्या सर्व्हेइंग प्रात्यक्षिकांवरचा माझा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात आणि न आवडल्याचं मोकळेपणानं लिहिलंत, याबद्दल आभार. ऑटो लेव्हल (दुर्बिणीतून उंचीतला फरक मोजायचं यंत्र) आणि हातानं लिहिलेलं लेव्हलबुक (त्या रीडिंगची वही) अभ्यासक्रमातून काढू नये, असं मी त्यात म्हटलं होतं. तुमचा आक्षेप थोडक्यात असा : हे जुन्याचं कौतुक आहे. तुमच्या ड्रोन सर्व्हेच्या कामावर येणाऱ्या डिप्लोमाच्या मुलांना जीसीपी (ड्रोनचे फोटो जमिनीशी जुळवायला मोजून ठेवलेला बिंदू) म्हणजे काय ते सांगता येत नाही, राइज अँड फॉलचा (चढ-उताराच्या हिशेबाचा) तक्ता मात्र तोंडपाठ असतो. आणि उपग्रहांवरून जागा सांगणारा रोव्हर क्षणात उंची देत असताना पोरांना स्टाफ (आकडे लिहिलेली उभी मोजपट्टी) धरून उन्हात उभं करणं ही शिक्षाच आहे.

जमीन मोजायच्या जुन्या साखळीवरून मी भांडणार नाही. क्रॉस-स्टाफ, ऑफसेट, प्लेन टेबल हे जुनं सगळं मिळून दोन दुपारींत उरकावं. फक्त ३३ फुटांची साखळी आणि तिचे १६ आणे एकदा नीट समजावून सांगावेत. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. सरकारी जमीनमोजणी करणाऱ्या भूकरमापकाच्या भरतीला आपलीच डिप्लोमाची मुलं बसतात. जुन्या टिपणावरचे (मोजणीच्या हस्तनकाशावरचे) आकडे त्यांना वाचता आले नाहीत तर हातातली टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) काय कामाची?

लेव्हलचं तसं नाही. ती म्हातारी झालेली नाही. ड्रेनेजची लाइन घ्या. २०० ला १ उतार आणि दोन चेंबरमध्ये १० मीटर अंतर, म्हणजे एकूण फरक ५० मिलिमीटर. आरटीके (लगेच दुरुस्ती मिळणाऱ्या) रोव्हरची उंची चांगल्या आकाशाखालीही दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे होते, आणि साइटवर तर एका बाजूला इमारत, दुसऱ्या बाजूला झाड. दोन्ही टोकांना विरुद्ध दिशेनं चूक पडली तर उतार नाहीसा होतो, वेळप्रसंगी उलटाही होतो. साध्या ऑटो लेव्हलच्या माहितीपत्रकात दुहेरी (जाऊन-येऊन केलेल्या) लेव्हलिंगला किलोमीटरमागे दोन-अडीच मिलिमीटरची चूक लिहिलेली असते. म्हणून शटरिंगची लेव्हल बघायला मुकादम अजून तीच बाहेर काढतो.

दुसरी गोष्ट तुम्हाला माहीत असणार, पण तुमच्याकडे येणाऱ्या मुलांना बहुधा नसते. रोव्हरला मुळात जी उंची मिळते ती एलिप्सॉइडपासूनची (पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची), समुद्रसपाटीपासूनची नव्हे. आपल्या भागात जिऑइड (समुद्रसपाटीचीच जमिनीखाली वाढवलेली पातळी) त्या एलिप्सॉइडच्या साठेक मीटर खाली आहे. दक्षिणेला श्रीलंकेकडे जावं तसं हे अंतर शंभराच्या घरात जातं. त्यामुळे मुंबईच्या किनाऱ्यावर कोरड्या पायानं उभं राहूनही कच्ची उंची उणे पन्नासच्या पलीकडची येते. रोव्हरच्या कंट्रोलरमध्ये जिऑइड मॉडेल भरलं की आकडा ठीक दिसायला लागतो, पण ते मॉडेल त्या गावात किती बरोबर बसतंय हे कुठून कळणार? जवळच्या बेंचमार्कवरून (उंची ठाऊक असलेल्या खुणेवरून) लेव्हल आणून ताडूनच. पाणी एलिप्सॉइड बघून वाहत नाही.

आता तो राइज अँड फॉलचा तक्ता. ‘एकाच कामाला दोन पद्धती कशाला, एचआय पुरे’ असंही तुम्ही लिहिलंय. एचआय पद्धतीत, म्हणजे यंत्राच्या उंचीतून प्रत्येक रीडिंग वजा करण्यात, बॅकसाइटच्या (यंत्र मांडल्यावरच्या पहिल्या रीडिंगच्या) बेरजेतून फोरसाइटची (यंत्र हलवण्याआधीच्या शेवटच्या रीडिंगची) बेरीज वजा केली आणि ती पहिल्या-शेवटच्या आरएलच्या (बिंदूच्या काढलेल्या उंचीच्या) फरकाशी जुळली, तरी मधल्या इंटरमिजिएट रीडिंगवरून काढलेल्या आरएलमध्ये वजाबाकी चुकलेली असू शकते, आणि तपासणीत ती दिसत नाही. रस्त्याच्या क्रॉस सेक्शनमध्ये तर सगळा माल इंटरमिजिएटमध्येच असतो. राइज अँड फॉलमध्ये प्रत्येक रीडिंग आधीच्या रीडिंगला बांधलेलं असतं, त्यामुळे मधली चूक बेरजेत वर येते. मात्र दोन्ही पद्धतींची तपासणी फक्त गणिताची. चेंज पॉइंटवर, म्हणजे यंत्र हलवताना स्टाफ जिथं कायम राहतो तिथं, १.४३५ च्या जागी १.५३५ वाचलं तर सगळ्या बेरजा गुण्यागोविंदानं जुळतात. ती चूक सापडते ती लूप परत सुरुवातीच्या बेंचमार्कवर आणून बंद केल्यावर. अचूक लेव्हलिंगला पुस्तकं ±१२√के मिलिमीटर चूक चालवून घेतात, के म्हणजे किलोमीटर. एका किलोमीटरला १२, चारला २४. लूप ३० मिलिमीटरनं उघडा राहिला की मुलाला उन्हात परत जावं लागतं, आणि कुठल्या चेंज पॉइंटवर काय बिघडलं असेल याचा तो पहिल्यांदा विचार करतो. या परत जाण्याला तुम्ही शिक्षा म्हणता. माझ्या मते विषयाची सुरुवात तिथं होते.

तुमचा राग योग्य आहे, फक्त तो यंत्रावर निघतोय. तक्ता पाठ असतो, कारण लूप बंद करायची वेळच मुलांवर आणली जात नाही. एका लेव्हलभोवती अख्खी बॅच, दोघं रीडिंग घेतात, बाकीचे सावलीत. प्रात्यक्षिकाचं मॅन्युअल मागच्या वर्षीचं बघून भरलं जातं आणि क्लोजिंग एरर (लूप बंद करतानाची चूक) शून्य. एका मिलिमीटरचीही चूक नाही! अशा मॅन्युअलला पैकीच्या पैकी गुण देणारे आम्ही शिक्षक आहोत तोवर लेव्हलच्या जागी ड्रोन आणलात तरी त्याचाही रिपोर्ट मागच्या वर्षीचाच येईल. माझ्याकडे ८ मिलिमीटर एरर प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याला शून्य लिहिणाऱ्यापेक्षा जास्त गुण मिळतात. पहिल्या महिन्यात मुलांना ही थट्टा वाटते.

जीसीपीचंही हेच. जमिनीवर ठिपके रंगवायला अर्धा तास लागतो. त्यातले काही ठिपके प्रोसेसिंगमध्ये न वापरता पडताळणीचे चेक पॉइंट म्हणून बाजूला का ठेवायचे, हे समजायला वेळ लागतो. वापरलेल्याच बिंदूंवरचा आरएमएसई (सरासरी चुकीचा आकडा) छापून क्लायंटला खूश करणारे रिपोर्ट तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिले असतील. स्वतःचा लूप एकदा उघडा पडलेला ज्यानं पाहिलाय, त्याला चेक पॉइंट दोन वाक्यांत समजतो. आणि उभ्या उसावरून ड्रोन उडवला तर फोटोतून मिळणारी उंची शेंड्यांची असते, जमिनीची नव्हे, हेही एकदा फडात स्टाफ घेऊन शिरलेल्या मुलाला वेगळं सांगावं लागत नाही.

हद्दीचा मुद्दाही राहतोच. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोननंच झाली, पण उड्डाणाच्या आधी घरांच्या हद्दी गावात फिरून चुन्यानं आखून घ्याव्या लागल्या. कुठली भिंत कोणाची, हे फोटोत येत नाही. (चुना आखतानाच निम्मी भांडणं बाहेर येतात, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

तुमच्या एका सूचनेला मात्र माझा पूर्ण पाठिंबा आहे : तिसऱ्या वर्षाच्या मुलांना खऱ्या कामाचा डेटा हाताळायला मिळावा. तुमच्याकडे क्लायंटची हरकत नसलेलं एखादं जुनं काम असेल तर फोटो, जीसीपी आणि चेक पॉइंट वेगवेगळे करून द्याल का? चेक पॉइंटच्या उंच्या मुलांना आधी देऊ नका, त्या माझ्याकडे ठेवीन. आणि जमल्यास असं काम द्या ज्यात कुठेतरी काहीतरी बसलं नव्हतं.