एंटरप्राइझ आर्किटेक्चरवरच्या त्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एंटरप्राइझ आर्किटेक्चर, म्हणजे संस्थेचं कामकाज आणि तिच्या संगणक प्रणाली यांचा एकत्र आराखडा, परिणामकारक आहे का हे स्टेकहोल्डरच्या, म्हणजे त्याच्याशी संबंध येणाऱ्या लोकांच्या, समाधानावरून मोजावं असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘स्टेकहोल्डरचं समाधान मोजणारे आर्किटेक्ट म्हणजे साहेबांची हांजी हांजी करणारे पीपीटीवाले, आणि तुम्ही त्यांचे वकील.’ मतभेद असू देत हो, पण ही काय भाषा झाली? मी लेखात कुणाला असं काही म्हटलंय का? आकृत्या मोबाईलवर बारीक दिसतात हे मात्र बरोबर आहे, मोठ्या करून टाकतो.

आता हांजी हांजीचं. जॉन झॅकमननी १९८७ साली आयबीएमच्या जर्नलमध्ये आर्किटेक्चरची जी चौकट मांडली तिच्या ओळीच मुळात कोण बघतंय यावरून पाडल्यात, मालकाची वेगळी, डिझायनरची वेगळी, बांधणाऱ्याची वेगळी. टॉगॅफ (आर्किटेक्चर करायची एक प्रचलित पद्धत) तर फेज ए या सुरुवातीच्या टप्प्यातच स्टेकहोल्डर मॅप, म्हणजे कोण कोण संबंधित आहे याचा तक्ता, करायला लावतं. आर्किटेक्चरच्या वर्णनाचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ४२०१० सरळ सांगतं की कुणाला कशाची काळजी आहे ते आधी ओळखा आणि आर्किटेक्चरचं वर्णन त्याला उत्तर देणारं ठेवा. हे सगळे पण साहेबांना मस्का लावत होते का?

अर्धं करिअर मी बीकेसीतल्या एका मोठ्या वित्तसंस्थेत काढलंय, त्यामुळे मला हे कुणी शिकवू नये. कर्जाचा कस्टमर मास्टर, म्हणजे ग्राहकांची मूळ नोंद, वेगळा, कार्डाचा वेगळा, विम्याचा वेगळा, एक पत्ता बदलायला माणसाने तीन फॉर्म भरायचे. मी जायच्या आधीच टार्गेट आर्किटेक्चर, म्हणजे पुढे प्रणाली कशा असाव्यात याचा आराखडा, तयार होतं, रिव्ह्यू बोर्डाने पास केलेलं, आणि एकही प्रोजेक्ट ते वापरत नव्हता, कारण ऑपरेशन्सच्या मॅडमना कुणी विचारलंच नव्हतं की दिवसअखेरचं बॅच, म्हणजे दिवसभराच्या व्यवहारांवर एकगठ्ठा चालणारं काम, रात्री किती वाजेपर्यंत संपायला लागतं. त्यांच्याशी बसून आम्ही इंटिग्रेशनचा, म्हणजे प्रणाली एकमेकींना जोडायचा, क्रम बदलला, तेव्हा कुठे प्रोजेक्टवाले स्वतःहून यायला लागले. आता सांगा, आधीचं ते पास झालेलं डिझाइन परिणामकारक होतं का?

समाधान म्हणजे फीडबॅक फॉर्मवरचे पाच स्टार नव्हेत, हे लेखात आहे, तुम्ही तिथपर्यंत वाचलेलं दिसत नाही. सीएफओला, म्हणजे वित्तप्रमुखाला, डुप्लिकेट लायसन्सचा खर्च एका जागी दिसतो का, प्रोजेक्ट मॅनेजरला निर्णय वेळेत मिळतो का, हे विचारायचं असतं. कुणाचं लाडकं ॲप्लिकेशन बंद करावं लागलं तर तो चिडणारच, पण का बंद केलं ते त्याला पटलंय का हे तरी विचाराल की नाही?

क्लाउड, अजाइल वगैरे तुमचे बाकीचे मुद्दे इथे गैरलागू आहेत, त्यात जात नाही. पुढची प्रतिक्रिया मुद्द्यावर असेल तर नक्की छापेन, अशी असेल तर नाही.