पोपड्यावर टूथपेस्ट चोळून रंग परत येत नाही

‘जुन्या गाडीच्या रंगाचे पोपडे घरच्या घरी घालवा’ हा मेसेज सध्या तालमीच्या ग्रुपपासून पै-पाहुण्यांच्या ग्रुपपर्यंत फिरतोय. त्याचं म्हणणं असं: टूथपेस्ट आणि खोबरेल तेल चोळा, रंग परत येतो. नाहीच आला तर वरून क्लिअरचा स्प्रे मारा. अख्खं बॉनेट रंगवायला सांगणारे गॅरेजवाले लुटतात. पोपडे निघालेली गाडी म्हणजे अपघाताची. आणि इन्शुरन्समध्ये हे काम फुकट होतं. माझे वडील कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गाड्या रंगवायचे आणि सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली पॉलिश पेपर घासलाय. म्हणून गप्प बसवत नाही.

आधी टूथपेस्ट. पत्र्यावर गंज अडवणारा थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर. चारही थरांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, त्यात क्लिअर ४०-५० मायक्रॉन. वर्षानुवर्षांच्या उन्हानं क्लिअर ठिसूळ होतो, खालच्या रंगावरची त्याची पकड सुटते आणि फटीतून पाणी शिरत राहतं. आपल्याकडं तर आधी कडक उन्हाळा आणि मागोमाग चार महिने पाऊस. टप (गाडीचं छत) आणि बॉनेट आभाळाकडं तोंड करून असतात म्हणून आधी तेच जातात, दारं मागाहून. रंग नुसता मळकट, निस्तेज झाला असेल तर टूथपेस्टनं थोडी चकाकी येते, हे मान्य. ती बारीक घासते, एवढंच. पण बोटाच्या नखाला कड लागत असेल तर तिथं क्लिअर शिल्लकच नाही. नसलेला थर घासून कुठून येणार?

मेसेजमधले तेल चोळलेल्या गाड्यांचे फोटो खरे दिसतात, कारण तेल खडबडीत जागा भरून काढतं. त्या जागी पाणी शिंपडलं तरी तेवढाच वेळ गाडी तशीच नवी दिसते. पाणी वाळून जातं, तेल मात्र फटीत राहतं. पुढं कधी रंगकाम काढलं आणि ते नीट पुसलं गेलं नसेल, तर नव्या रंगात बारीक गोल खड्डे पडतात. वडील अशी गाडी आली की पहिल्यांदा विचारायचे, ‘काय काय लावलंय ते खरं सांगा.’

आता स्प्रे. ओल धरलेल्या भिंतीचे पोपडे न खरवडता वरून चुना मारला तर काय होतं, हे घर असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. इथंही तेच. खालचा क्लिअर सुटलेला असताना नवा थर त्याच्यासकट निघून येतो. पण माझा खरा राग मेसेजमधल्या पुढच्या ओळीवर आहे: ‘हार्डनरवाला टू-के स्प्रे घ्या आणि धूळ बसू नये म्हणून शटर ओढून मारा.’ टू-के, म्हणजे क्लिअर आणि त्याला कडक करणारा हार्डनर असे दोन भाग मिसळून मारायचा क्लिअर. तो टिकाऊ असतो, हे खरं. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, आणि त्याच्या तुषारांनी कायमचा दमा जडू शकतो. रुमाल बांधून ते अडत नाही. बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि हवा खेळती ठेवणारा बूथ लागतो. वडिलांच्या बरोबरीच्या एका पेंटरकाकांना शेवटी जिना चढताना दोनदा बसावं लागायचं. बंद पार्किंगमध्ये, घरात लहान मुलं असताना, हे करू नका.

गॅरेजवाले लुटतात का? काही ठिकाणी लुटतातही. टप गेलाय म्हणून चारही दारं रंगवायला सांगत असतील तर नाही म्हणा. पण पूर्ण बॉनेट रंगवणं ही लूट नव्हे. बॉनेटच्या मधोमध थांबवलेला क्लिअर कडेला दिसतो आणि पुन्हा तिथूनच सुटतो. तो पॅनेलच्या कडेपर्यंतच न्यावा लागतो. गॅरेजमध्ये विचारायचं ते हे: सुटलेली कड पक्क्या थरापर्यंत घासणार का, क्लिअर टू-के आहे का, कडेचं रबर काढून रंगवणार की त्यावर नुसता कागद चिकटवणार?

अपघाताचं म्हणाल, तर टप आणि बॉनेटवर सारखेच पोपडे असतील तर ते उन्हाचं काम. एकच दार किंवा बंपर पापुद्र्यासारखा सुटत असेल तर ते आधी कधीतरी रंगवलंय आणि तयारी नीट झालेली नाही. तिथं का रंगवलं हे विचारा. माझ्या मते कोल्हापुरात सेकंड हँड गाडी घेताना पोपड्यांपेक्षा फुग्यांना घाबरावं. दाराच्या तळाशी किंवा चाकावरच्या कमानीत रंग फुगलेला दिसला तर गंज खालून वर आलाय. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत इथल्या किती गाड्या पाण्यात उभ्या होत्या, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय.

इन्शुरन्स? नेहमीच्या मोटार पॉलिसीत झीज आणि जुनेपणा धरत नाहीत. उन्हानं गेलेला रंग त्यातच येतो.

यंदा पैसे नसतील तर नुसता क्लिअर गेलेली गाडी तशीच वापरा. खाली रंग आणि प्रायमर शाबूत आहे तोवर पत्रा लगेच गंजत नाही. पत्राच उघडा पडला असेल तर मात्र मृगाच्या आधी तेवढी जागा गंज जाईपर्यंत घासा, प्रायमर लावा आणि वर रंगाचा हात द्या. शेड जुळली नाही तरी चालेल, पण नुसत्या प्रायमरवर सोडू नका, तो पाणी धरतो.