भिंत फोडत असताना आम्ही घरातच का राहिलो

ताई, नमस्कार.

मुलुंडच्या आमच्या घराला शेजारची खोली-स्वयंपाकघर जोडून घेतलं आणि काम चाललं ते साडेपाच महिने आम्ही त्याच घरात काढले, त्याबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: "धुळीत राहिल्याचं कौतुक सांगताय. ऐंशीच्या सासूबाईंना त्यात ठेवलंत, भाडं वाचवलंत, जुन्या इमारतीची भिंत फोडलीत आणि खालच्या मजल्यावरच्यांबद्दल एक शब्द नाही. माझ्या डोक्यावर तीन महिने हेच चाललंय. छताचा गिलावा पडतोय आणि आजारी वडील त्याखाली झोपतात."

उत्तराला आठ दिवस लागले. पहिल्या वाचनात राग आला होता आणि रागात लिहायचं नव्हतं. आता शांतपणे लिहिते. तुमचं बरंचसं म्हणणं खरं आहे. एका बाबतीत मात्र मी तुमच्या अगदी विरुद्ध टोकाला आहे, आणि तेही खालच्या मजल्यावरच्या माणसांचा विचार करूनच.

आधी आईंबद्दल, म्हणजे माझ्या सासूबाईंबद्दल. पहिला दीड महिना काम फक्त शेजारच्या घरात होतं. मधली भिंत शाबूत होती, त्या घराचं दार वेगळं होतं. आवाज यायचा, धूळ फारशी नाही. आईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, माझं अंथरूण इथेच राहू दे. मी ते ऐकलं आणि पुढेही ऐकत राहिले, ही चूक. भिंत फोडली आणि त्याच आठवड्यात लाद्या कापायला सुरुवात झाली. लादीवाला कटर कोरडाच चालवत होता. लादी, काँक्रीट, वीट कोरडी कापली की जी बारीक पांढरी धूळ उडते तिच्यात सिलिका असते. ती डोळ्यांना नीट दिसतही नाही आणि फुप्फुसात खोल जाऊन बसते. तिसऱ्या दिवशी आईंना खोकला लागला, पाचव्या दिवशी त्यांना डोंबिवलीला नणंदेकडे पोचवलं. भिंतीला पहिला हातोडा लागायच्या आदल्या दिवशीच पोचवायला हवं होतं. घरात म्हातारं माणूस, तान्हं मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर तोडफोडीच्या आणि कापाकापीच्या दिवसांत त्यांना दुसरीकडे ठेवा, हे वाक्य मूळ लेखात नव्हतं. आता घातलं आहे.

आणि तो कापणारा मुलगा तोंडाला गमछा बांधून दिवसभर त्या धुळीत बसायचा, त्याच्याकडे माझं लक्ष आईंचा खोकला सुरू झाल्यावर गेलं. त्यानंतर कटरवर पाण्याची बारीक धार सोडायला लावली, कापणं गॅलरीत नेलं आणि साध्या कापडाऐवजी चांगले मास्क आणून दिले. पाण्याने चिखल होतो, पुसायला वेळ जातो, म्हणून मुकादम कुरकुरला. पण धूळ लगेच खाली बसली. हे पहिल्या दिवसापासून करता आलं असतं.

भाडं वाचवलं का? हो. मुंबईत ११ महिन्यांचा करार, वर अनामत, वर दलाली; तीन-चार महिन्यांसाठी घर द्यायला आम्हाला कुणी तयार झालं नाही. पैशाची ओढाताण होतीच. पण पैसे असते तरी दोघांपैकी एक जण मी घरातच ठेवला असता. ते का, हे भिंतीच्या मुद्द्यावर सांगते.

आमची इमारत १९८४ ची, तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही. सांगाडा आरसीसीचा, आत सळया घातलेल्या काँक्रीटचा. म्हणजे भार कॉलम-बीमवर, उभ्या खांबांवर आणि आडव्या तुळयांवर; भिंती मधल्या पडद्यासारख्या. गिरगाव-दादरकडच्या जुन्या, लाकडी तुळयांच्या चाळींमध्ये असं नसतं. तिथे भिंतीच वरचे मजले पेलतात आणि एका भिंतीला हात लावणं म्हणजे वरच्या सगळ्यांच्या घराला हात लावणं. आपली इमारत कुठल्या जातीची आहे हे ठरवणं मालकाचं काम नाही, कंत्राटदाराचं तर नाहीच. आमच्याकडे स्ट्रक्चरल इंजिनिअर दोनदा आले. हातोडीसारखं एक यंत्र टेकवून त्यांनी बीमचं काँक्रीट तपासलं, आमच्या खालच्या घरात जाऊन छत पाहिलं आणि मग सांगितलं की अख्खी भिंत काढू नका, साडेतीन फुटांचं दार काढा आणि आधी वर लिंटल, म्हणजे वरची भिंत पेलणारी आडवी पट्टी, बसवा. मला मोठी, मोकळी बैठक हवी होती. ती मिळाली नाही, आणि आज त्याचं काही वाटत नाही.

परवानगीचं म्हणाल तर मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात कलम ३४२ आहे: इमारतीत भर घालायची किंवा फेरफार करायचा तर आधी नोटीस द्यावी लागते. रंग, किरकोळ डागडुजी यांची गोष्ट वेगळी. त्याच कायद्यातल्या ३५३ब कलमाप्रमाणे ३० वर्षांवरच्या इमारतीची स्ट्रक्चरल तपासणी करून घ्यावी लागते. आमच्या सोसायटीची तपासणी झालेली होती, तिचा अहवाल इंजिनिअरांनी आधी मागून घेतला. वरच्या घरात काय चाललंय याची कागदपत्रं सोसायटीकडे मागायला संकोचू नका.

तुमच्या प्रतिक्रियेतली भीती मला परकी नाही. घाटकोपर आमच्यापासून पाच स्टेशनांवर. तिथल्या दामोदर पार्कमधली इमारत २५ जुलै २०१७ ला सकाळी कोसळली, १७ माणसं गेली. तळमजल्यावर दुरुस्तीचं काम चाललं होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. आमचं काम सुरू करायच्या आधी नवऱ्याने आणि मी त्यावर एक अख्खी रात्र बोलून काढली होती.

म्हणूनच आम्ही घरात राहिलो. दुसरीकडे राहायला गेलेला मालक संध्याकाळी फोनवर फोटो मागवतो. फोटोत नवी लादी दिसते, तिच्यामागे काय झाकलं ते दिसत नाही.

जानेवारीतला एक मंगळवार सांगते. पाण्याची लाइन बदलायची होती म्हणून मी रजा टाकली होती. साडेअकराला चहा घेऊन आत गेले, तर प्लंबरच्या हाताखालचा मुलगा कोपऱ्यातल्या कॉलमवर खडूची उभी रेघ मारून झिरी कापत होता. दीडेक फूट कापून झाली होती आणि आत सळई उघडी पडली होती. त्याचं म्हणणं सरळ होतं: पाइप कोपऱ्यात छान लपेल, वरून लादी येईल. तो वाईट वागत नव्हता, कॉलमला हात लावायचा नसतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. कॉलमच्या सळईवर साधारण दीड इंच काँक्रीटचं कवच असतं. आपल्या दमट, खारट हवेपासून सळई वाचते ती त्या कवचामुळे. ते गेलं की सळई गंजते, गंजली की फुगते आणि फुगली की काँक्रीट आतून फोडते. दिसायला लागेपर्यंत काही वर्षं जातात आणि तोवर झिरी कुणी मारली हे कुणाला आठवत नाही. मी मशीन बंद करायला लावली. इंजिनिअर संध्याकाळी आले, सळई घासून गंजरोधक लावलं, पॉलिमर मॉर्टरने ती जागा भरून घेतली. पाइप भिंतीवरून बाहेरच्या बाहेर नेला. दिसायला तो चांगला दिसत नाही.

त्या दिवशी मी ठाण्याला भाड्याच्या घरात असते तर चार वाजेपर्यंत त्यावर लादी बसली असती. तो कॉलम आमच्या एकट्याचा नाही, ताई. तो खालच्या काकूंच्या स्वयंपाकघरातून उतरतो.

वजनाचंही तसंच. नव्या घरात आम्हाला दहा फूट लांब, नऊ फूट उंच आडभिंत घालायची होती. साडेचार इंची विटेची घातली तर गिलाव्याशिवायच पावणेदोन टनांच्या घरात वजन जातं. तीच चार इंची सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या, ब्लॉकची केली तर साधारण अर्धा टन. गवंड्याला विटेची सवय, तो विटेवर अडून बसला होता. आणि राबिट, म्हणजे तोडफोडीचा कचरा! राहत्या घराचा स्लॅब सामानसुमान, माणसं मिळून चौरस मीटरला २०० किलो धरून आखलेला असतो. अडीच फूट उंच रेतीचा ढीग चौरस मीटरला बाराशे किलो भरतो. फोडलेल्या लाद्यांच्या गोण्या खोलीच्या मध्यावर किंवा गॅलरीत रचून ठेवल्या की काय होत असेल याचा अंदाज करा. गॅलरी तर एका बाजूनेच धरलेली असते. आमच्याकडे नियम केला होता: आजच्या गोण्या आजच खाली, रेती एका वेळी दहा पाट्यांहून जास्त वर आणायची नाही आणि तीही भिंतीकडेला, पसरून. हा नियम रोज संध्याकाळी मोडायला आलेला असायचा. घरात होतो म्हणून पाळला गेला.

घरात राहिल्याने आमचं काय झालं ते मूळ लेखात आहेच: पाइप गॅस कंपनीच्या माणसाकडून बंद करून घेतल्यामुळे तीन महिने इंडक्शनवर स्वयंपाक, सकाळचं पाणी बादल्यांत भरून ठेवणं, कपाटावर चादरी. त्याचं कौतुक सांगण्याचा हेतू नव्हता. तसं वाटलं असेल तर लिहिण्यात कमी पडले. मला एवढंच म्हणायचं होतं आणि आहे की वरच्या मजल्यावर तोडफोड करणाऱ्याने तो आवाज आणि ती धूळ आधी स्वतः सोसावी. खालच्यांना तरी दुसरीकडे जायची सोय कुठे असते?

आता तुमचा सगळ्यात रास्त आक्षेप, खालच्या मजल्याचा. काकूंबद्दल मी लिहायलाच हवं होतं. त्यांचा नातू यंदा बारावीला होता. सोसायटीची वेळ दहा ते एक आणि तीन ते सहा अशी होती, आम्ही ती पाळलीही. पण फेब्रुवारी लागल्यावर काकू जिन्यात थांबून म्हणाल्या, "अगं, वेळ पाळतेस गं, पण त्याच वेळात तो अभ्यासाला बसतो." मग परीक्षा संपेपर्यंत ब्रेकर आणि हातोडा पूर्ण बंद ठेवला, रंग, वायरिंग, सुतारकाम तेवढं चालू. काम तीन आठवडे लांबलं, मजुरांना दुसरीकडे जाऊ द्यावं लागलं आणि परत मिळवायला त्रास झाला. पण काकूंनी सांगेपर्यंत मला सुचलं नव्हतं, हे त्यातलं खरं.

बाथरूमच्या वेळी मात्र आधीच ठरवलं होतं. जुना ब्रिकबॅट कोबा, म्हणजे लादीखालचा विटांच्या तुकड्यांचा थर, काढून नवं वॉटरप्रूफिंग केलं आणि लादी बसवायच्या आधी ४८ तास पाणी भरून ठेवलं. दोन्ही दिवशी संध्याकाळी मी काकूंच्या बाथरूममध्ये स्टुलावर उभी राहून टॉर्चने छत पाहत होते. ठेकेदार २४ तासांत पुरे म्हणत होता. पाणी उतरलं नाही, तेव्हाच लादी घातली.

आता तुमच्याकडे काय करावं. गिलावा पडतोय तर वडिलांचा पलंग आजच दुसऱ्या खोलीत हलवा. ते शक्य नसेल तर निदान पडणाऱ्या भागाखालून काढा. तारीख दिसेल असे फोटो रोज काढा. सोसायटीला तोंडी नको, लेखी द्या आणि इंजिनिअरने तुमच्या घरात येऊन छत पाहावं अशी मागणी करा, वरच्या घरात नुसतं डोकावून भागणार नाही. वर जाऊन गोण्या कुठे रचल्यात ते एकदा बघून या. छताला किंवा बीमला लांबच लांब चीर दिसली, सळई दिसली, किंवा दारं-खिडक्या एकाएकी अडकायला लागल्या, तर थांबू नका. काम बंद करायला लावा आणि वॉर्ड ऑफिसला त्याच दिवशी कळवा. वरचे मालक तिथे राहत नाहीत असं तुम्ही लिहिलंय. त्यांना दिवसातून एकदा तरी प्रत्यक्ष येऊन जायला सांगा, आणि येतील तेव्हा आधी तुमच्या घरी बोलवा, छताखाली उभं करा.

काकूंबद्दल लिहू का, असं काल त्यांना विचारलं. म्हणाल्या, "लिही की. पण हॉलच्या छताला तुमच्या लाद्या फोडताना जी चीर गेली, तिचंही लिही." केसासारखी बारीक, फक्त गिलाव्यातली आहे, इंजिनिअरांनी पाहिली आहे, पण आहे. ती भरून छत रंगवून द्यायचं कबूल केलेलं एप्रिलपासून राहिलं होतं. रंगारी या रविवारी त्यांच्याकडे येतोय.