गाडी पुन्हा तापल्याच्या आपल्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण लिहिले आहे की आम्ही गाडी दोन दिवस ठेवून घेतली, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर उघडून पाण्याला रेडिएटरकडे वाट देणारी झडप) व कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रावण) बदलून २,८५० रुपये घेतले आणि तरीही आठव्या दिवशी, पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाटाच्या चढावर तापमानाचा काटा लालवर गेला. दुसऱ्या गॅरेजने हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या खालचे सील) गेल्याचे सांगितले, तेव्हा आमचे काम अंदाजपंचे होते, असे आपले म्हणणे आहे. यातील एक चूक आमची आहे, पण ती थर्मोस्टॅट बदलल्याची नाही.

गाडी आली तेव्हा काटा वर चढलेला असूनही रेडिएटरचा खालचा होज (रबरी नळी) हाताला थंड लागत होता. म्हणून थर्मोस्टॅट काढून पातेल्यातील पाण्यात सोडला आणि पाणी तापवले. ८२ अंशांचा शिक्का असलेला, म्हणजे त्या सुमारास उघडायला हवा असा तो थर्मोस्टॅट पाणी खळखळून उकळले तरी उघडला नाही. तो आजही आमच्याकडे आहे. आपण याल तेव्हा हाच प्रयोग आपल्यासमोर करून दाखवू.

चूक त्यानंतर झाली. मागच्या महिन्यात काटा लालवर असताना आपण गाडी तशीच गावापर्यंत नेली होती, हे आपण सहज बोलून गेलात आणि ते आमच्या जॉब कार्डावर लिहिलेलेही आहे. ॲल्युमिनियमचे हेड असे एकदा तापले की वाकण्याची शक्यता असते, आणि मग सिलिंडरमधील वायू गॅस्केटमधून कूलंटमध्ये शिरतो. हे तपासण्यासाठी इंजिन चालू ठेवून रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या द्रावणाची नळी धरतात. जळलेला वायू येत असेल तर द्रावण पिवळे पडते. पंधरा मिनिटांचे हे काम आम्ही केले नाही. पहिला दोष सापडल्यावर शहरात फेरी मारली, फॅन वेळेवर लागत होता, काटा मध्यावर होता, आणि आम्ही गाडी दिली. घाटात दुसऱ्या गिअरवर, एसी लावून चढताना इंजिनावर जो भार येतो, तो शहरातील सपाट रस्त्यावर येत नाही, हे मला माहीत असायला हवे होते आणि माहीत होतेही.

मजुरीचे ९०० रुपये आपल्याला परत मिळतील. मात्र त्या गॅरेजने आता थर्मोस्टॅट काढूनच टाकला आहे असे आपण लिहिता, त्याला माझी हरकत आहे. तो नसला की इंजिन लवकर तापत नाही आणि पेट्रोल जास्त जाते. गॅस्केटचा दोष तर तसाच राहतो. हेड उतरवल्यावर फक्त गॅस्केट बदलून घेऊ नका, सरळ पट्टी व फिलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पात्या) लावून हेड सपाट आहे का ते पाहायला सांगा आणि वाकलेले असल्यास फेसिंग (मशीनवर घासून सपाट करणे) करून घ्या. हे काम आपण कुठेही करून घेतलेत तरी थर्मोस्टॅट आम्ही विनामूल्य बसवून देऊ. तोवर गाडी घाटात नेऊ नये, ही विनंती.